सौंदर्योपचारानंतरचे त्वचासंसर्ग आणि जुन्नर-आंबेगावचे ऋतुमान

चेहऱ्यावरची लव लेसरने काढणे, मुरमांचे डाग किंवा वांग कमी करण्यासाठी आम्लाचा सौम्य लेप देऊन त्वचेचा वरचा पापुद्रा सोलवणे (पील), चामखीळ विजेच्या सुईने जाळणे, जड दागिन्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवणे, गालावर किंवा विरळ केसांच्या जागी बारीक सुयांचा रोलर फिरवणे, हे उपचार एके काळी पुण्याला गेल्याशिवाय मिळत नसत. आता पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचर आणि नारायणगावसारख्या बाजारपेठांपर्यंत ते पोहोचले आहेत आणि लग्न ठरलेल्या मुलींबरोबर तरुण मुलगेही त्यांच्यासाठी येऊ लागले आहेत. हे उपचार एकमेकांहून वेगळे असले तरी त्यांच्यात एक गोष्ट समान असते. त्वचेच्या अगदी वर मृत पेशी आणि मेद यांचा कागदाहूनही पातळ असा जो थर असतो, ज्याला शास्त्रात शृंगी स्तर म्हणतात आणि जो रोगजंतूंना शरीराबाहेर अडवून धरतो, तो या उपचारांत जाणीवपूर्वक भेदला, सोलला किंवा तापवला जातो, आणि तो पुन्हा सांधेपर्यंतचे काही तास किंवा काही दिवस त्वचा उघडी पडलेली असते.

प्रशिक्षित हातांनी आणि निर्जंतुक साधनांनी उपचार झाला तर संसर्ग क्वचितच होतो, हे प्रथमच नोंदवणे आवश्यक आहे, कारण भीती घालून कोणाला परावृत्त करणे हा येथे हेतू नाही. संसर्ग होतो तेव्हा जंतू बहुधा तीन वाटांपैकी एका वाटेने आलेले असतात: रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवर किंवा नाकपुडीत आधीपासून राहणारे, सुई, शाई, औषधाची कुपी यांसारख्या साधनांतून आलेले, आणि उपचारानंतर पाणी, माती, घाम व लेप यांतून आत शिरलेले. पहिल्या दोन वाटांची जबाबदारी डॉक्टरांची असते. तिसरी वाट घरी आणि शेतात उघडते, आणि जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत तीच सर्वांत रुंद आहे. दवाखान्यातून हाती पडणारा सूचनांचा छापील कागद बहुधा शहरात सावलीत बसून काम करणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिलेला असतो. आठवडाभर घाम, धूळ आणि ऊन टाळावे ही त्यातली सूचना टोमॅटोच्या तोडणीत गुंतलेल्या बाईला पाळता येण्याजोगी नसते, आणि ती पाळली जाणार नाही हे ठाऊक असूनही कागद दिला जातो. म्हणून उपचार कोणता घ्यावा याच्या इतकाच तो कधी घ्यावा हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या बाजूला, पावसाळ्यात भातखाचरात उभे राहून आवणी करावी लागते. त्या काळात पायावरचा लेसर, पायाच्या नखाचा उपचार किंवा पोटरीवरची चामखीळ जाळणे टाळलेले बरे, कारण दिवसभर पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून जंतू सहज आत जातात आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशीला हवा तसा ओलावा मिळतो. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांखालच्या बागायतीत अडचण निराळी आहे. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत टोमॅटोची तोडणी चालते आणि त्याच्या पानांचा चीक हाताला व चेहऱ्याला लागत राहतो. द्राक्षबागेत छाटणीनंतर बुरशीनाशकांच्या फवारण्या सुरू होतात आणि फवाऱ्याचे तुषार तोंडावर येतात. उसाच्या पाचटावरची बारीक कूस तर धड त्वचेलाही टोचते, मग नुकत्याच सोललेल्या त्वचेची गोष्टच नको. कामाच्या दोन हंगामांमधली मोकळीक, आणि शक्य असल्यास थंडीचे महिने, ही चेहऱ्याच्या उपचारांसाठी सर्वांत सोयीची वेळ आहे. थंडीत घाम कमी येतो, ऊन सौम्य असते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर दाहानंतर उमटणारे काळे डागही त्या काळात कमी प्रमाणात उमटतात.

लग्नसराईचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. हळदीच्या आदल्या आठवड्यात पील किंवा लेसर करून घेण्याची रीत पडू लागली आहे, आणि संसर्गाच्या दृष्टीने याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही. दळलेली हळद निर्जंतुक नसते; ती तेलात कालवून अनेकांच्या हातांनी ताज्या उघड्या त्वचेवर चोळली की जंतूंची सोय होते आणि नुसत्या चोळण्यानेही नवा पापुद्रा निघतो. हळद जंतुनाशक आहे हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण प्रयोगशाळेत हळदीतल्या घटकाने दाखवलेला गुण आणि वाटीतल्या हळदीची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा उपचार हळदीच्या निदान चार आठवडे आधी संपवावा, पहिलाच उपचार असेल तर तीन महिने आधी सुरुवात करावी. हेच भंडाऱ्याला आणि गुलालालाही लागू आहे. धामणी, वडज येथील खंडोबाच्या यात्रांत किंवा गावच्या जत्रेत बैलगाड्यांच्या घाटावर भंडारा उधळला जातो तेव्हा तो डोळ्यांत, केसांच्या मुळांत आणि कानामागे जाऊन बसतो. केशरोपण, कानाची पाळी शिवणे किंवा चेहऱ्यावरचा रोलर यांनंतर दोन आठवड्यांच्या आत अशा गर्दीत जाणे टाळावे.

उपचारानंतर काय होणे स्वाभाविक आहे हे माहीत असल्याशिवाय काय अस्वाभाविक आहे ते ओळखता येत नाही. लेसरनंतर केसांच्या मुळाशी मोहरीएवढे लाल उंचवटे येतात आणि ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बसतात. सुयांच्या रोलरनंतर चेहरा एक ते तीन दिवस उन्हात भाजल्यासारखा लाल राहतो. पीलनंतर साधारण तिसऱ्या दिवसापासून कातडी सुटते. जाळलेल्या चामखिळीवरची खपली सात ते दहा दिवसांत आपोआप गळते. या सर्वांत त्रासाची दिशा उतरती असते, म्हणजे पहिला दिवस सर्वांत वाईट आणि पुढचा प्रत्येक दिवस थोडा बरा. उतरणीला लागलेले दुखणे पुन्हा चढू लागले, कमी होत आलेली सूज वाढली, खाजेची जागा ठसठशीने घेतली, तर तो संसर्ग आहे असे धरून चालावे. एवढी एकच खूण लक्षात राहिली तरी बाकीचे तपशील डॉक्टर पाहून घेतील.

तरीही कोणता संसर्ग केव्हा डोके वर काढतो याचा अंदाज असणे उपयोगाचे आहे. पहिल्या एक-दोन दिवसांतच लाली झपाट्याने पसरत असेल, कातडी गरम व ताणलेली असेल आणि थंडी वाजून ताप येत असेल, तर स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा त्वचेच्या खोल थरातला दाह असू शकतो, आणि त्याला रात्रभर थांबणे परवडत नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान पिवळ्या टोकाचे फोड, मधासारखी खपली किंवा केसतोड दिसले तर स्टॅफिलोकॉकस हा नेहमीचा कारणीभूत जंतू असतो. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ओठांभोवती किंवा गालावर एकाच आकाराचे, टोचल्यासारखे बारीक फोड पुंजक्याने उठले, ते फुटून उथळ जखमा झाल्या आणि खाजेपेक्षा जळजळ जास्त असली, तर हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू जागा झालेला असतो. ताप येऊन गेल्यावर ज्यांच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात त्यांच्या शरीरात तो आधीच वास करत असतो. अशा व्यक्तीने ही गोष्ट उपचारापूर्वी सांगितली तर डॉक्टर विषाणुरोधी गोळ्या आधीच सुरू करून हा प्रकार बहुतांशी टाळू शकतात. न सांगितल्यास संपूर्ण सोललेल्या चेहऱ्यावर तो पसरतो आणि व्रण ठेवून जातो.

कानाच्या वरच्या कडेचा संसर्ग वेगळा सांगावा लागतो, कारण बुगडीची आवड पुन्हा आली आहे. पाळी ही मऊ मांसाची असते, पण बुगडीची जागा कूर्चेची असते, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तेथे शिरलेला जंतू औषधाला लवकर सापडत नाही. स्यूडोमोनास हा ओल्या जागी वाढणारा जंतू येथे विशेष त्रास देतो: पाळी सोडून बाकीचा कान लाल, गरम आणि दुखरा होतो, आणि दुर्लक्ष झाल्यास कूर्चा विरघळून कान कायमचा चुरगळतो. असा कान सुजला की खोबरेल तेल, राख, चुना यांपैकी काहीही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

सर्वांत फसवा संसर्ग मात्र उशिरा येणारा आहे. उपचाराची जागा बरी होऊन विसरली गेलेली असते, आणि दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत केव्हातरी त्याच ठिकाणी निळसर-लाल, न दुखणाऱ्या किंवा किंचित दुखणाऱ्या गाठी येतात, त्या मऊ होतात, पातळ पाणी झिरपते आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी त्या हलत नाहीत. मायकोबॅक्टेरियम कुळातले, पण क्षय किंवा कुष्ठरोग न करणारे काही जंतू नळाच्या पाण्यात, टाक्यांत, पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात आणि क्लोरिनलाही पुरते दाद देत नाहीत. लेसरच्या जागी शेकण्यासाठी वापरलेला नळाच्या पाण्याचा बर्फ, साध्या पाण्याने विसळलेले हत्यार किंवा अशुद्ध शाई यांतून ते आत जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २००० साली एका सौंदर्यगृहातल्या पाय बुडवण्याच्या टबांमुळे शंभराहून अधिक ग्राहकांच्या पोटऱ्यांवर अशी गळवे आली आणि आधी पायांवरून वस्तरा फिरवलेल्यांना धोका अधिक असल्याचे दिसले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११-१२ मध्ये कारखान्यातच दूषित झालेल्या राखाडी गोंदणशाईने १९ जणांना हाच त्रास झाला. विहिरी, कूपनलिका, कालवे आणि गच्चीवरच्या टाक्या यांवर जगणाऱ्या तालुक्यांत हे जंतू दूरदेशीचे समजण्याचे कारण नाही.

या संसर्गाचे निदान साध्या पू-तपासणीत अनेकदा हुकते. त्यासाठी त्वचेचा लहान तुकडा काढून प्रयोगशाळेला मायकोबॅक्टेरियाची शंका असल्याचे स्पष्ट लिहून द्यावे लागते, कारण यांतल्या काही जाती शरीराच्या तापमानापेक्षा कमी, म्हणजे सुमारे ३० अंश सेल्सिअसवर चांगल्या वाढतात आणि नेहमीच्या पद्धतीत वाढलेल्या दिसत नाहीत. उपचार क्लॅरिथ्रोमायसीनसारख्या औषधांच्या जोडीने, बहुधा चार ते सहा महिने चालतो. तपासणीत क्षयासारखी सूज दिसली म्हणून सरसकट क्षयाच्या गोळ्या सुरू करणे ही येथे होणारी मोठी चूक आहे, कारण त्यांतली काही प्रमुख औषधे या जंतूंवर चालत नाहीत. म्हणून अशा गाठी घेऊन जाणाऱ्याने, विचारले नाही तरी, गेल्या सहा महिन्यांत त्या जागी कोणता उपचार झाला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

आता मलमांविषयी, कारण जुन्नर असो की घोडेगाव, त्वचेचे काही बिघडले की पहिली भेट डॉक्टरांची नसून मेडिकलची असते. तेथे मागितल्यावर मिळणाऱ्या नळ्यांत पुष्कळदा क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉइड असते, आणि त्याच नळीत एक प्रतिजैविक आणि एक बुरशीरोधकही कोंबलेले असते. स्टिरॉइड दाह दाबते, म्हणून दोन दिवसांत लाली व खाज उतरते आणि औषध लागू पडले असे वाटते; प्रत्यक्षात जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्तीच तेथे दबलेली असते आणि संसर्ग आतून पसरतो. गजकर्णाच्या बाबतीत याचा परिणाम देशभर दिसला आहे. कडा पुसट झालेले, ओळखू न येणारे आणि औषधांना चिवट असे नायटे गेल्या दशकात इतके वाढले की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टिरॉइडच्या गैरवापराविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’खाली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, आणली. नियम कागदावर आहे. दुकानात तो कितपत दिसतो हे वाचकांनीच पाहावे. गोरेपणाची म्हणून महिनोन्महिने लावलेली क्रीमही याच जातीची असू शकते, आणि तिने पातळ झालेल्या त्वचेवर लेसर किंवा पील केल्यास जखम खोल जाते. ज्या नळीच्या घटकांत ‘सोन’ किंवा ‘सॉल’ने संपणारे नाव असेल ती उपचारापूर्वी डॉक्टरांना दाखवावी; अशी सर्वच नावे स्टिरॉइडची नसतात, पण शंका फेडून घेणे सोपे आहे.

घरची काळजी साधी आहे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पाणी खळखळ उकळून, झाकून गार केलेले वापरावे, कोरड्या स्वच्छ हातांनी हलकेच धुवावे, टिपावे, चोळू नये, आणि दिलेले साधे व्हॅसलिन किंवा मलम पातळ लावावे. खपली नखाने काढू नये. उशीचा अभ्रा रोज बदलावा, टॉवेल वेगळा ठेवावा, दाढीचा वस्तरा आणि वॅक्सिंग दोन आठवडे बंद ठेवावे; चामखीळ किंवा मोलस्कम नावाचे मोत्यासारखे विषाणुजन्य फोड असलेल्या जागेवरून वस्तरा फिरवला तर ते रेषेत पेरल्यासारखे पसरतात. गोठ्यातले काम, शेणात हात घालणे आणि धारा काढणे त्वचा सांधेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे, आणि ते शक्य नसेल तर उपचारच पुढे ढकलावा. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, चुना आणि धुण्याचा सोडा लावून ती जाळणे हे प्रकार अजून चालतात. त्यातून होणारी जखम किती खोल जाईल यावर कोणाचेही नियंत्रण नसते आणि मधुमेही व्यक्तीच्या पायावर तर ते करूच नये.

दुखणे पुन्हा चढले तर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी, दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढावे आणि जेथे उपचार झाला तेथे जावे. तेथे टाळाटाळ होत असेल किंवा उपचार करणारी व्यक्ती डॉक्टरच नसेल, तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव व घोडेगावची ग्रामीण रुग्णालये, आणि पश्चिम भागात तळेघरसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रे जवळची आहेत. काही तासांत रेघेपलीकडे गेलेली लाली, ताप, दिसते त्याच्या मानाने असह्य वेदना, काळी पडणारी कातडी, नाक व वरच्या ओठाभोवतालची वाढती सूज, डोळ्याभोवतीची सूज किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि पुण्यात ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. फिलरचे, म्हणजे त्वचा भरून काढणाऱ्या जेलचे इंजेक्शन घेतल्यावर लगेच कातडी पांढरी-जाळीदार पडली किंवा नजर गेली तर तो संसर्ग नसून रक्तवाहिनी तुंबल्याची खूण आहे, आणि तेथे मिनिटे मोजावी लागतात. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेऊन वाट पाहू नये. जंतू मरत नाही, फक्त तपासणीत सापडेनासा होतो.

दवाखाना निवडताना यंत्राच्या किमतीपेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्यात. उपचार करणाऱ्याचे नाव, एम.डी., डी.एन.बी., डी.डी.व्ही.एल. अशी त्वचारोगशास्त्रातील पदवी किंवा पदविका आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाटीवर असावा. हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सुई, रोलर आणि ब्लेड यांचे पाकीट रुग्णासमोर फोडले जावे आणि रोलर दुसऱ्यांदा, अगदी त्याच रुग्णासाठीही, वापरला जाऊ नये. पुन्हा वापरायची धातूची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसवर किमान १५ मिनिटे तापलेली असावीत आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असावा; स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेली चिमटी निर्जंतुक नसते. कोपऱ्यात पिवळ्या, लाल व निळ्या रंगाचे कचऱ्याचे डबे आणि सुयांसाठी न भेदता येणारा पांढरा डबा आहे की नाही हेही पाहावे, कारण जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे, आणि कचऱ्याची हेळसांड करणारा हत्याराची काळजी घेईल असे मानणे कठीण आहे. ब्यूटी पार्लरमध्ये भुवया कोराव्यात. सुई टोचणे, रक्त काढणे, लेसर आणि खोल पील तेथे करून घेऊ नयेत. डॉक्टर नसलेली व्यक्ती असे उपचार करत असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

त्वचेवर काहीच न दिसता रक्तातून येणारे आजार या सर्वांहून वेगळे आहेत. रुग्णाचेच रक्त काढून त्यातला प्लेटलेटयुक्त द्रव सुयांनी चेहऱ्यात भरण्याच्या उपचारातून अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या एका परवाना नसलेल्या केंद्रात किमान तीन ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये नोंदवले. जत्रेत एकाच यंत्राने आणि एकाच शाईच्या वाटीतून रांगेने गोंदवून घेणाऱ्यांना हाच धोका आहे, आणि त्यात कावीळ ‘बी’ आणि ‘सी’ यांचीही भर पडते. सुई दुसऱ्यावर वापरलेली होती अशी खात्रीशीर शंका असेल तर ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले, शासकीय रुग्णालयात जाऊन एचआयव्ही प्रतिबंधक औषधांविषयी विचारावे. ती मुदत उलटली असेल तर एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात लगेच एक आणि तीन महिन्यांनी दुसरी तपासणी करावी, कारण पहिल्या काही आठवड्यांत तपासणी निर्दोष येऊ शकते. कावीळ ‘बी’ची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते, आणि त्या आजाराची लस आधी घेतली नसेल तर पहिली मात्रा त्याच भेटीत, दुसरी महिन्याने आणि तिसरी सहाव्या महिन्यात घ्यावी.